मुदतीआधीची फेड

मराठीत कर्ज ‘फेडतात’ आणि गहाण ‘सोडवतात’. नवस फेडावा, पांग फेडावेत, गाठ सोडवावी, गुरे सोडवावीत, त्याच ओळीत ही क्रियापदे येऊन बसली आहेत. पैसे परत करणे एवढाच अर्थ त्यांत नाही. कोठेतरी अडकलेले, बांधलेले काही मोकळे करणे हा मूळ अर्थ आहे. घर गहाण ठेवून घेतलेले कर्ज घरखर्चात काटकसर करून मुदतीआधी कसे फेडावे, याविषयी अलीकडे पुष्कळ उपदेश वाचावयास मिळतो. त्या उपदेशात ही गोष्ट जणू काल-परवा पगारदार वर्गाने शोधून काढली असा सूर असतो. आम्हांला मात्र तो वाचताना दरवेळी आमच्या घरातला एक कागद आठवतो, आणि त्या कागदामागचा इतिहास आठवतो. त्या इतिहासात बचत करणे हा अवघड भाग नव्हताच. साठवलेले पैसे सावकाराने मुदतीआधी स्वीकारणे, हा अवघड भाग होता.

कागद ताडकळसचा आहे. परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातले, गोदावरी आणि पूर्णा या दोन नद्यांच्या मधल्या काळ्या रानातले हे बाजाराचे गाव. कागद मोडी लिपीत, वर निजामशाहीचा उर्दू अक्षरांचा स्टँप, साल फसली १३५४, म्हणजे इसवी सन १९४५. चार एकर जमीन हाली सिक्का रुपये साडेतीनशेस गहाण. मुदत नऊ वर्षे. जमीन सावकाराच्या कब्जात. व्याज नाही, व्याजाच्या बदली पीक. मुदत संपेल त्या पाडव्याला मुद्दल द्यावे आणि जमीन सोडवून घ्यावी. आमच्या भागात शेतीचे साल पाडव्यापासून पाडव्यापर्यंत धरतात, सालगड्याचा करारही त्याच दिवशी होतो, म्हणून गहाणाची मुदतही पाडव्याला बांधलेली.

अशा कागदांचे तीन प्रकार जुन्या माणसांना तोंडपाठ असत. नजरगहाणात जमीन मालकाकडेच राही, सावकाराची फक्त तिच्यावर ‘नजर’ असे, आणि व्याज दर शेकडा दरमहा चढत जाई. कब्जेगहाणात जमीन सावकार कसे किंवा कसवून घेई आणि पीक व्याजात जाई. तिसरी मुदतखरेदी: कागद खरेदीचा, पण अमुक मुदतीत रक्कम परत केल्यास जमीन परत देण्याचा शब्द आत घातलेला. मुदत चुकली की शब्द संपला, खरेदी उरली. १९२९ साली ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी अ‍ॅक्टात दुरुस्ती झाली आणि परतीची अट त्याच कागदात लिहिलेली नसेल तर तो व्यवहार गहाण मानायचा नाही असे ठरले. एक खरेदीखत आणि शेजारी परतीच्या कराराची वेगळी चिठ्ठी, अशा जोडकागदांनी किती जमिनी गेल्या असतील याचा हिशेब कोणी मांडलेला आम्ही पाहिला नाही.

या तिन्हींत ‘लवकर फेडणे’ या शब्दांचा अर्थ निरनिराळा होतो, आणि आमच्या मते सगळ्या प्रकरणाची मेख येथेच आहे. नजरगहाणात लवकर फेडणाऱ्याचे व्याज वाचते. आजच्या गृहकर्जदाराचा हिशेब हाच. मुदतखरेदीत लवकर फेडणे म्हणजे मृत्यूच्या आधी पोहोचणे. तेथे उशीर एका दिवसाचाही चालत नाही. कब्जेगहाणात मात्र लवकर फेडणारा सावकाराच्या ताटातले काढून घेत असतो. चार एकर काळ्या रानातली कपाशी आणि जोंधळा साडेतीनशे रुपयांच्या व्याजाहून कितीतरी जास्त. त्याने मुद्दल मुदतीआधी का घ्यावे?

धर्मशास्त्रकारांना हा भेद ठाऊक होता. याज्ञवल्क्यस्मृतीत आधीचे, म्हणजे गहाणाचे, नियम आहेत. मुदत बांधलेला आधी मुदत टळली की जातो, पण ज्याचे फळ धनको भोगतो आहे तो आधी कधीच नष्ट होत नाही, असे तेथे सांगितले आहे. त्या स्मृतीवरची मिताक्षरा विज्ञानेश्वराने लिहिली ती चालुक्य विक्रमादित्य सहावा याच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणात. अकराव्या-बाराव्या शतकातला हा ग्रंथ मराठवाड्याच्या अगदी शेजारी तयार झाला. दामदुपटीचा नियमही त्याच शास्त्राचा: एकावेळी थकलेले व्याज मुद्दलाहून अधिक मागता येत नाही. मुंबई हायकोर्टाने तो इंग्रजी अमलातही हिंदू ऋणकोंच्या बाबतीत मानला. आणि शेकडो वर्षांनंतर, २०१४ साली, सर्वोच्च न्यायालयाने सिंग राम विरुद्ध शिओ राम या खटल्यात ठरवले की कब्जेगहाण सोडवण्याचा हक्क गहाणाच्या तारखेपासून अमुक वर्षे लोटली म्हणून बुडत नाही. फलभोग्य आधी नष्ट होत नाही, हेच ते. स्मृतीचा आधार न्यायालयाने घेतलेला नाही. कायद्याच्या ६२ व्या कलमातून तेच उत्तर निघाले.

सोडवण्याचा हक्क मरत नाही हे खरे. पण तो मुदतीआधी जन्मतही नाही. कायद्याचे ६० वे कलम सांगते की मुद्दल देय झाल्यावर केव्हाही गहाण सोडवावे. देय होण्याआधी नव्हे. याचे टोकाचे उदाहरण अजमेरचे आहे. १ ऑगस्ट १८९९ रोजी तेथील एक मिळकत ६,३०० रुपयांस ८५ वर्षांच्या मुदतीने गहाण पडली. गंगाधर विरुद्ध शंकरलाल या नावाने खटला सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. मुदतीनंतर सहा महिन्यांत सोडवले नाही तर मिळकत गेली, ही अट न्यायालयाने १९५८ साली निरर्थक ठरवली. पण ८५ वर्षांची मुदत मात्र कायम ठेवली. पैसे हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला सांगण्यात आले की १९८४ साली या. कायदा चुकला असे आम्ही म्हणत नाही. करार तो करार. पण ऋणमुक्तीच्या इतिहासात पैसे नसलेल्या माणसाविषयीच सगळे लिहितात. पैसे असून दाराबाहेर थांबलेल्या माणसाविषयी कोणी लिहीत नाही.

आमच्या घरी तेच झाले. १९५१ सालीच पैसे जमले होते.

ते कसे जमले हे आजी सांगत असे, आणि तिच्या सांगण्यात कधी मोठ्या रकमा नसत. कुटुंबाच्या उत्पन्नाचे दोन ओघ होते. खळ्यावरचे धान्य आणि कापसाचे पैसे पुरुषांच्या हाती येत आणि शेतसारा, बियाणे, बैल, सोयरीक यांत जात. दुसरा ओघ बायकांचा: दुसऱ्याच्या रानात कापूस वेचल्याची मजुरी, आठवडी बाजारात विकलेले तूप (ताक घरात राहायचे), कोंबड्या, शेरडाची करडे, गोवऱ्या. दळताना रोज मूठभर जोंधळा वेगळ्या गाडग्यात टाकायचा आणि गाडगे भरले की विकायचे. आलेला पैसा उतरंडीच्या तळाच्या मडक्यात. उतरंडीचे तळाचे मडके काढायचे तर वरची सगळी उतरवावी लागतात, म्हणून तेथे. पेटीला कुलूप लावले की पेटीत काहीतरी आहे हे सगळ्यांना कळते. रक्कम थोडी वाढली की तिची चांदी करायची. पैसा मागितला तर द्यावा लागतो, पण पायातले तोडे मागायला माणसाची जीभ अडखळते.

या बचतीचे मुख्य शस्त्र गुप्तता हे होते, आणि ते आजच्या सल्ल्यांत कोठेच येत नाही. घरात पैसा आहे असे कळले की त्याला वाटा फुटतात: नणंदेचे बाळंतपण, दिराचा बैल, भावकीतला तंटा. आजीने आजोबांनाही तीनशेचा आकडा होईपर्यंत सांगितले नव्हते, असे घरात म्हणतात. १९४८ चा उन्हाळा-पावसाळा रझाकारांच्या धास्तीत गेला. गावोगावची माणसे संस्थानाच्या हद्दीबाहेर निघून गेली होती. त्या काळात मडक्यातला ऐवज पेवात पुरला गेला आणि सप्टेंबरातल्या पोलीस अ‍ॅक्शननंतर पुन्हा उकरून काढला गेला. चांदी काळी पडली होती, बाकी सगळे जागेवर होते.

पेढ्या, सोसायट्या, बँका नव्हत्या काय? होत्या. सहकारी पतसंस्थांचा कायदा हैदराबादेत १९१४ पासून होता, हैदराबाद स्टेट बँक १९४१-४२ मध्ये निघाली. पण त्याच सुमारास, १९५१-५२ मध्ये, रिझर्व्ह बँकेने देशभर जी ग्रामीण पतपाहणी केली आणि जिचा अहवाल गोरवाला समितीने १९५४ साली दिला, तीत शेतकऱ्याच्या एकूण कर्जापैकी सहकाराचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास आणि सावकारांचा सत्तर टक्क्यांच्या आसपास निघाला. देशाची सरासरीच जेथे ही, तेथे आमच्या भागात सोसायटीने सुटका करावी ही अपेक्षा व्यर्थ होती. शिवाय इंग्रजी मुलखातल्या शेतकऱ्याला जे थोडे मिळाले तेही येथे मिळाले नव्हते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांचे कागद जाळले. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा निघाला. त्याने कोर्टाला कागदामागे जाऊन पहिल्या दिवसापासूनचा हिशेब तपासण्याचा अधिकार दिला, गहाण हप्त्यांनी सोडवण्याची सोय केली, पावती आणि खातेपुस्तक मागण्याचा हक्क दिला. तो पुणे, सातारा, सोलापूर, नगर येथे लागू झाला आणि पुढे १९०५ साली मुंबई इलाख्यात सर्वत्र गेला. परभणी निजामाची. सीना नदीपलीकडच्या शेतकऱ्याला मिळालेला हिशेब विचारण्याचा हक्क अलीकडच्याला नव्हता. संस्थानाने जमीन हस्तांतर, सावकारी आणि कर्जतडजोड यांचे कायदे केले ते फार पुढे, संस्थानाच्या अखेरच्या दशकांत.

तर १९५१ सालच्या पाडव्याला आजोबा साडेतीनशे हाली रुपये घेऊन गेले. सावकार सभ्य माणूस होता, असेच घरात सांगतात. त्याने चहा पाजला आणि मुदत दाखवली. अजून तीन पाडवे. पैसे परत घरी आले.

वाचकांपैकी ज्यांनी कधी मोठी रक्कम घरात ठेवली असेल त्यांना पुढचे सांगायला नको. गुप्त होते तोवर ते पैसे सुरक्षित होते. आजोबा सावकाराच्या दारातून परतले आणि गावाला कळले. तीन वर्षांत त्यांतले शंभरेक गेले. एक लग्न, एक आजारपण. आजीने ते पुन्हा भरत आणले. पण दरम्यान रुपयाच बदलला होता. १९५० नंतर संस्थानाचा हाली सिक्का हळूहळू मागे पडून भारतीय रुपया, लोकांच्या बोलीत ‘कलदार’, चालू लागला. दर सात हाली बरोबर सहा कलदार. साडेतीनशे हाली म्हणजे नेमके तीनशे कलदार. १९५४ च्या पाडव्याला सावकार म्हणाला, कागदावर साडेतीनशे लिहिले आहेत, साडेतीनशे द्या. आजोबा म्हणाले, हाली लिहिले आहेत. दोघांचेही म्हणणे त्याच एका ओळीवर उभे होते. हिशेबाने आजोबा बरोबर होते, पण बरोबर असल्याने जमीन हातात येत नाही. त्यासाठी परभणीच्या कोर्टात जावे लागते, आणि पेरणी दोन-अडीच महिन्यांवर आलेली असते. पन्नास रुपयांचा फरक आजीच्या चांदीच्या तोड्यांनी भरून काढला.

येथे पुन्हा याज्ञवल्क्य आठवतो. दुष्काळात, धर्मकार्यासाठी, आजारात, किंवा नवरा धनकोच्या अडकवणुकीत सापडला असता त्याने घेतलेले स्त्रीधन परत करण्यास तो बांधलेला नाही, असे त्या स्मृतीत आहे. ज्या ग्रंथाने गहाण सोडवण्याचा हक्क अमर केला, त्यानेच तो बजावण्याचा खर्च कोठून निघेल याचीही वाट मोकळी करून ठेवली. आजीला स्मृती ठाऊक नव्हती. तोडे परत मिळाले का असे आम्ही लहानपणी एकदा विचारले, तेव्हा ती हसली आणि चुलीकडे वळली.

पुढचा काळ कर्जाच्या इतिहासात कायद्यांचा आणि माफीचा आहे. आणीबाणीत महाराष्ट्राने ऋणमुक्तीचा कायदा केला. लहान शेतकरी, कारागीर, मजूर यांची सावकारी कर्जे रद्द झाली, तारण ठेवलेल्या वस्तू परत करण्याची सक्ती झाली, आणि १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने फतेहचंद हिंमतलाल खटल्यात तो कायदा उचलून धरला. २०१४ च्या सावकारी कायद्याने सावकारीच्या ओघात बळकावलेली जमीन परत मागण्याची सोय ठेवली. २००८, २०१७, २०१९ च्या कर्जमाफ्या ताज्या आहेत. प्रत्येक माफीच्या वेळी ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन आधीच फेडले होते त्यांचा एकच प्रश्न असतो: आम्ही मूर्ख ठरलो काय? सरकारलाही तो ऐकू आला असावा. २०१७ च्या योजनेत नियमित फेड करणाऱ्यांना पंचवीस हजारांपर्यंत आणि २०१९ च्या योजनेत पन्नास हजारांपर्यंत प्रोत्साहन ठेवले गेले. आम्हांला हा प्रश्न न्याय्य वाटतो, पण त्याचा राग माफी मिळालेल्या शेजाऱ्यावर निघतो तेव्हा तो चुकीच्या दारी जातो. ज्याच्या उतरंडीत काहीच पडू शकले नाही, त्याच्या आणि आमच्या आजीच्या मध्ये शहाणपणाचे अंतर होते की दोन पावसांचे, हे कोण सांगणार?

आजचे गहाण वेगळे. ताडकळससारख्या गावात फार काळ गहाण पडत असे ते शेत आणि दागिने. गावठाणातल्या घराला मालकीचा धड कागदच नसे, त्यामुळे त्यावर कोणी कर्जही देत नसे. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेने ड्रोनने गावठाणे मोजून घरांना मिळकत पत्रिका देण्यास आरंभ केला, तेव्हा कोठे खेड्यातले घर कागदावर आले आणि त्याबरोबर गहाण पडण्यास लायक झाले. गावातले नोकरदार त्याआधीच परभणी-नांदेडात सदनिका घेऊन वीस वर्षांचे हप्ते भरू लागले होते. वीस लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षे: हप्ता सुमारे १७,३५६ रुपये. पहिल्या हप्त्यातले १४,१६७ व्याजाचे, मुद्दलात जातात जेमतेम ३,१९०. अखेरपर्यंतचे व्याज साडेएकवीस लाखांच्या वर. दामदुपट मोडली असे येथे कोणी म्हणू नये. तो नियम एकावेळच्या थकबाकीचा आहे, वर्षानुवर्षे भरत गेलेल्या व्याजाचा नव्हे. पण दरवर्षी एक हप्ता जास्त भरला तर हेच कर्ज साडेसोळा वर्षांच्या आसपास संपते. आजीच्या भाषेत, वर्षाचे एक गाडगे.

आणि हे गाडगे आता बँकेला घ्यावे लागते. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड आकारू नये असे राष्ट्रीय आवास बँकेने २०११ साली गृहवित्त कंपन्यांना आणि रिझर्व्ह बँकेने २०१२ साली बँकांना बजावले. त्याआधी लवकर फेडणाऱ्याकडून दोन-दोन टक्के कापून घेण्याची रीत सर्रास होती, आणि तिचे समर्थन आमच्या सावकाराच्याच युक्तिवादाने होई: आम्ही इतक्या वर्षांच्या उत्पन्नाचा हिशेब धरला होता. कर्ज वेळेवर फेडण्याचे कर्तव्य स्मृतींइतके जुने. वेळेआधी फेडण्याचा निर्वेध हक्क, तोही सगळ्या कर्जांना नव्हे, जेमतेम पंधरा वर्षांचा. काटकसरीचे धडे देणाऱ्यांनी हे एवढे तरी सांगावे. बचतीला दुसऱ्या बाजूने दार उघडे लागते.

बचत गटांनी आणखी एक गोष्ट बदलली. १९७५ सालचे महिला आर्थिक विकास महामंडळ आणि १९९२ पासूनची नाबार्डची बँकजोडणी यांमुळे मराठवाड्यातल्या बायकांची बचत उतरंडीतून वहीत आली, तिच्यावर त्यांची नावे आली. गुप्तता गेली, आणि तिच्याबरोबर थोडे संरक्षणही गेले. वही पाहून दारात येणाऱ्या आठवडी हप्त्याच्या कर्जवाल्यांविषयी वेगळे लिहिले पाहिजे.

राहिला कागद. त्याच्या पाठीवर १९५४ ची चार ओळींची भरपाई आहे: रक्कम पावली, जमीन कब्जात दिली, आता कागदाचा संबंध उरला नाही. खाली सावकाराची सही, आजोबांचा अंगठा, तीन साक्षीदार. आजीचे नाव कोठेही नाही. आणि फेरफाराला कोणी गेलेच नाही. जमीन आमची, पीक आमचे, पण सातबाराच्या इतर हक्कांच्या रकान्यात गहाणाची नोंद पुढे कित्येक वर्षे तशीच होती. वडिलांना ती कळली ती सोसायटीचे पीककर्ज काढायला गेल्यावर. हल्ली कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत न दिल्यास संस्थेने दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा १ डिसेंबर २०२३ पासूनचा नियम आहे. सातबारावरचा बोजा कमी झाला की नाही, हे मात्र आपणच पाहावे. वडील तलाठ्याकडे तो मोडी कागद घेऊन गेले तेव्हा तो वाचणारा माणूस शोधण्यात आणखी दोन महिने गेले.